सत्काराची चाळीस मिनिटं

लग्नाची कॅसेट तीन तासांची असते आणि सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात. माझ्या धंद्याचं सगळं दुखणं या एका वाक्यात आलं. पुढचं सगळं त्याचाच पसारा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत बसस्टँडमागच्या बोळात माझं दहा बाय आठचं दुकान होतं. बोर्डावर मी मोठ्या हौसेनं ‘व्हिडिओ कन्व्हर्जन सेंटर’ लिहून घेतलं होतं, पण लोक त्याला गिरणी म्हणायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं. जुनी कॅसेट घेऊन यायचं, ठेवून जायचं, दोन दिवसांनी सीडी न्यायची. “झालं का वो दळण?” असं म्हणतच गिऱ्हाईक पायरी चढायचं.

आजच्या पोरांना हे काम सांगून पटत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. घराघरांत तेव्हा सीडीवर पिक्चर दाखवणारे प्लेअर यायला लागले होते. ज्याचं कुणी आखातात असेल त्याच्याकडं तर थेट डीव्हीडी प्लेअर. व्हीसीआर अडगळीत गेले आणि लग्नाच्या कॅसेटी कपाटात अडकल्या. मी एका बाजूनं व्हीसीआरवर कॅसेट चालवायची, वायरीतून चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, त्याची फाईल करायची. ती फाईल कॉम्प्युटरवर छान दिसायची. पण घरचा प्लेअर हा फार हट्टी प्राणी. चित्र याच मापाचं पाहिजे, सेकंदाला पंचवीसच चित्रं पाहिजेत, आवाज याच जातीचा पाहिजे. यातलं एक जरी इकडचं तिकडं झालं तर तो सीडी तोंडातून बाहेर टाकायचा. म्हणून ती फाईल त्याच्या मापात पुन्हा दळायची. एका तासाच्या चित्राला माझं मशीन सात तास घ्यायचं. सहाव्या तासाला लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि सांगलीत लाईट जायची. मग सीडी भाजायची, म्हणजे तिच्यावर ते उतरवायचं. भाजताना मशीनला धक्का लागला तरी सीडी वाया. त्या पंधरा-वीस मिनिटांत मी दुकानात कुणाला मोठ्यानं शिंकू द्यायचो नाही.

मी बी.एस्सी. फिजिक्स. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. वडील पलूस भागात गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. एकदा दुकान बघायला आले. मी कॅसेट उघडून टेपवरची पांढरी बुरशी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत होतो. बराच वेळ बघून म्हणाले, “बी.एस्सी. झालास आन् बुरशी पुसतोयस व्हय रं?”

“दादा, ही साधी बुरशी न्हाई. टेप फाटली तर सगळं लगीन जातंय.”

“बुरशी ती बुरशीच की. तुझी आई लोणच्यावरची काढती, तिला कुठं डिग्री लागली?”

मी बोळा पुन्हा स्पिरिटमध्ये बुडवला.

आठवड्यातून एकदा साताऱ्याला जायचो, तिथल्या फोटो स्टुडिओतून कॅसेटी गोळा करायला. वाटेत एक-दोन गावं, कधी लोणंदपर्यंत. साताऱ्याच्या एका पेन्शनर सुभेदारांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजनं शिकवलं नाही. त्यांच्या मुलानं मस्कतहून डीव्हीडी प्लेअर पाठवला होता. मी त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या सीड्या करून दिल्या, तर एकही लागेना. बाजारातली पिक्चरची सीडी मात्र खडखडीत चालायची. स्टुडिओत सगळ्यांदेखत त्यांनी मला उभा केला.

“कंपनीची चलती है, तुझी का न्हाई? डिफेक्टिव माल देतो काय?”

“साहेब, माझ्याकडं चालते.”

“तुझ्याकडं चालती म्हणून मी तुझ्याकडं राहायला येऊ?”

तीन वेळा सीड्या बदलून दिल्या, तरी तेच. चौथ्या वेळी मी त्यांच्या घरी जाऊन त्या मशीनसमोर मांडी घालून बसलो आणि पिशवीतली प्रत्येक जातीची सीडी घालून बघितली. तेव्हा उमगलं की त्या प्लेअरमधला सीडी वाचणारा किरणच वेगळा होता आणि आम्ही भाजलेल्या हिरवट सीडीवरून तो परतून येतच नव्हता. पुसून पुन्हा वापरता येते ती करड्या रंगाची महाग सीडी घातली आणि नवरी-नवरा पडद्यावर आले. सुभेदारांनी चहा मागवला. चहा निम्मा झाल्यावर विचारलं, “शिक्षण किती?” मी सांगितलं. म्हणाले, “मग हे काय करत बसलायस, बेटा?”

हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की शेवटी शेवटी मी दहावी सांगायला लागलो.

आता मूळ दुखण्यावर येतो. तीन तासांचं लग्न दोन सीडीत बसवायचं तर अर्धा-पाऊण तास कुठून तरी काढायला लागतो. काय काढायचं हे गिऱ्हाईक सांगत नाही. “तुमी बघा की, शिकल्याली माणसं.” अक्षता काढता येत नाहीत. पाठवणी काढता येत नाही, तिथं सगळं घर रडत असतं. जेवणाच्या पंगती काढल्या तर लोक भांडायला येतात, कारण स्वतःला जेवताना बघायची प्रत्येकाला हौस. राहता राहिला सत्कार.

आमच्या सातारा-सांगलीकडचं लग्न बघितलेल्याला हे सांगायला नको. अक्षतेआधी माईकवरून नावं पुकारतात. अमुक गावचे माजी सरपंच, नवरीचे मावसमामा, तालमीचे वस्ताद, दूध डेअरीचे चेअरमन. एकेक जण येतो, त्याला टॉवेल, टोपी, नारळ. एखादं नाव राहिलं तर दोन घरांचं येणं-जाणं तुटतं, म्हणून सगळी नावं घेतात आणि शूटिंगवाला सगळ्यांना घेतो. चाळीस मिनिटं टॉवेल-टोपी. मंडपात ज्यातलं एक नाव गाळायची कुणाची छाती नव्हती, ती दोनशे नावं मी दोन बटणांत गाळायचो. चाळीस मिनिटांची चार मिनिटं करायची, प्रत्येकाचा चेहरा निसटता दिसेल एवढं बघायचं. पण चित्र कापलं की आवाजही तुटतो, ‘पांडुरंग’ पुकारताना ‘पांडु’वरच माणूस संपतो. म्हणून मूळ आवाज काढून टाकायचा आणि वरून सनई लावायची. ती एकच सनई होती. किती लग्नांना लावली याचा हिशेब नाही. गिऱ्हाईक खूश व्हायचं. “आवाज लय क्लिअर केलासा की!” मलाही वाटायचं, आपण सुधारणा केली.

लोक जुनी कॅसेट परत नेत नसत. “आता ही कशाला? ठेवा तुमालाच.” चांगल्या कॅसेटी मी शूटिंगवाल्यांना देऊन टाकायचो. ते त्यांच्यावर नवीन लग्नं भरायचे.

एका उन्हाळ्यात दुपारी यशवंततात्या आणि शेवंतामावशी दुकानात आले. दोघंही साठीच्या पुढं-मागं. तात्या पलूस तालुक्यातल्या एका गावात शाळेचे शिपाई होते. त्यांच्या गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं आणि काखेत शाळेतली पाटी. मावशींनी पिशवीतून दोन सीड्या काढल्या. माझ्याच दुकानाचं लेबल होतं. तात्यांच्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न, सुनंदाचं. कॅसेट भावानं आणली होती, दोन वर्षांपूर्वी.

“ह्यात ह्येंचा आवाज हाय,” मावशी म्हणाल्या. “त्येवढा काढून द्या आमाला.”

मी विचारलं, आवाज म्हणजे?

तात्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती तशीच माझ्यापुढं धरली. “मला वाचाय येत न्हाई. तुमीच वाचा.”

पाटीवर होतं : ‘सत्कार मी पुकारला होता.’

मग मावशींनी सगळं सांगितलं. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, माईकवर तात्या. एक पैसा घेतला नाही कधी. शाळेत घंटा वाजवायचे आणि मंडपात नावं पुकारायचे, दोन्ही सारख्याच खणखणीत. मग घशात गाठ झाली. मिरजेला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. वर्ष झालं होतं.

“नात दोन वर्साची हाय,” मावशी म्हणाल्या. “तिला वाटतंय आजोबा जन्माचाच मुका. परवा शेजारणीला सांगत हुती, आमच्या आजोबाला त्वांड न्हाई. आन् माझं म्हणाल तर, ह्ये ल्हिवत्यात आन् मी बघत बसती. सून घरात असली तर वाचून दाखवती. नसली तर दिसभर पाटी आमच्या मदी ठिवलेली.”

मी सीडी लावली. सत्कार आला. वस्ताद आले, सरपंच आले, टॉवेल-टोप्या झरझर गेल्या आणि वरून सनई. मला आधीच माहीत होतं. त्या दोघांना नव्हतं. मावशी पडद्याला कान लावून बसल्या होत्या, की सनई थांबेल आणि मग आवाज येईल.

सनई थांबली ती अक्षतेला.

आणि मी खोटं बोललो. म्हणालो, “मावशी, मूळ कॅसेटमध्येच आवाज खराब होता. शूटिंगवाल्याची चूक.”

“न्हाई वो,” मावशी सरळपणानं म्हणाल्या. “भाड्यानं व्हीसीआर आणला हुता तवा आमी समद्या बायकांनी बघितलंय. आवाज हुता. ह्येंनी एकदा नारळ कमी पडल्यावर ‘नारळ आणा रं’ असं माईकवरच म्हटल्यालं, आमी लय हसलेलो.”

तात्या माझ्याकडं बघत होते. बोलता येत नसलेल्या माणसाची नजर फार वेळ झेलता येत नाही. मी खरं सांगितलं. आवाज मी काढला. कॅसेट मी देऊन टाकली. आता तिच्यावर दुसऱ्या कुणाची तरी वरात नाचत असेल.

“म्हंजे, पुसला?”

“व्हय मावशी. पुसला.”

मावशी सुभेदारांसारख्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या सीड्या पिशवीत भरायला लागल्या. तात्यांनी मात्र पाटी ओढली. ‘वरपक्षाला दुसरी कॅसेट दिली होती. जत.’

रविवारी दुकान बंद ठेवून मी जतला गेलो, तिथून पुढं सुनंदाच्या सासरच्या गावी. रस्त्यात दोनदा एस.टी. मेंढरांसाठी थांबली. गावाच्या तोंडाशी टँकरभोवती घागरींची रांग. सुनंदाच्या सासूनं “बर्री, कूडरी”, या, बसा, असं म्हणत घोंगडं अंथरलं. त्या कन्नड बोलत होत्या, मी मराठी, आणि सुनंदा मधे. कॅसेट आहे का म्हटल्यावर सुनंदाचा चेहरा पडला. आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली.

कॅसेट होती. जतच्या कोरड्या हवेत बुरशीचा ठिपकाही नव्हता. पण टेपचा निम्मा गुंता बाहेर.

“धाकट्या पोरीनं वढून काढलं,” सुनंदा म्हणाली. “मी पेनानं फिरवून गुंडाळलं तसंच. काका पुकारत्यात त्येवढ्यातच चुरगाळलंय बगा, तिथंच कॅसेट थांबवून ठेवली हुती. घिऊन जावा. पर काकांना दाखवू नका अशी.”

चुरगाळलेली टेप हे या धंद्यातलं सगळ्यात नकोसं काम. चित्र टेपच्या मधल्या भागात असतं, आवाज काठाला. चुरगाळते ती काठाला. म्हणजे चित्र वाचतं आणि आवाज जातो, आणि मला चित्र नकोच होतं. चार दिवस मी दुसरं दळण घेतलं नाही. टेप काचेवर पसरून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं वीत-वीत सपाट करत गेलो. फार दाबलं की टेपवरचा तपकिरी लेप निघतो आणि त्याच्याबरोबर माणसं निघून जातात. ती टेप एका चांगल्या कॅसेटच्या खोक्यात भरली आणि चालवली. चाळीस मिनिटांतली अकरा मिनिटं हाती लागली. बाकी सगळं विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं.

त्यानंतर मी कुणाचा मूळ आवाज काढला नाही. एका लग्नाच्या तीन सीड्या व्हायला लागल्या. लोक चिडायचे. “कसला दंगा ठेवलाय वो ह्यात? त्या पलीकडच्या दुकानात सनई लावून देत्यात.” मी सांगायचो, मग तिकडं जावा. बरेच जण गेलेही. मशीन पुढं मोडीत गेलं. त्या खुर्चीत बसून लागलेली पाठदुखी आणि अधू झालेले डोळे मात्र माझ्याकडंच राहिले.

त्या अकरा मिनिटांसाठी तात्या-मावशी पुन्हा आले तेव्हा मी पाणी दिलं आणि सीडी पुढं ठेवली. मावशी संकोचल्या. “आमच्याकडं ह्ये न्हाई. नुस्ता टेप हाय, गाण्याचा.” मी इतकी वर्षं कॅसेटची सीडी करत आलो, त्या दिवशी सीडीची कॅसेट केली. साधी, गाण्याची असते ती. दुकानातल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबायला मावशींनाच सांगितलं.

आधी खरखर. मग माईकची शिट्टी. मग आवाज. भरदार, मंडपाच्या कापडावर आपटून परत येणारा, प्रत्येक नावाच्या शेवटी थोडा वर जाणारा. अमुक गावचे आमचे पाहुणे. पुढं यावं. लाजू नये. पाठीमागं बसलेल्या मंडळींनी जागा द्यावी.

मावशी प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. “ह्यो गेला की औंदा... ह्येची म्हातारी गेली... ह्यो न्हाई आला हुता, त्येच्या लेकानं टोपी घेटली...”

अकरा मिनिटं संपली. तात्यांनी नकारार्थी मान हलवली, पाटी घेतली, लिहिलं आणि थेट माझ्याकडं दिली.

‘हा माझा आवाज नाही.’

टेप ताणली गेली होती, आवाज थोडा जाड झाला असेल. माझ्या चमच्यानं काही बिघडलं का? मावशींनी विचारलं, काय म्हणत्यात? मी वाचून दाखवलं.

मावशी हसल्या. वर्षभरात हसल्या नसतील अशा.

“आवं, तुमी कवा ऐकलाय तुमचा आवाज? व्हीसीआर आणला की लाजून बाहीर जाऊन बसायचा. तुमाला तुमच्या डोक्यातला आवाज ठावं. ह्यो आमचा हाय, आमी ऐकत हुतो त्यो.”

तात्यांनी मशीनकडं बघून बोट गोल फिरवलं, पहिल्यापासून लाव म्हणून. दुसऱ्यांदा ते मान खाली घालून ऐकत होते, परक्या गावच्या लग्नात माईकवर कोण नवा माणूस आहे हे पारखावं तसं. नारळ कमी पडल्याचं आलं, तेव्हा त्यांचे खांदे हलले. संपल्यावर पाटी पुसून काहीतरी लिहिलं आणि या वेळी ती मावशींच्या हातात दिली.

मावशींनी ती माझ्याकडं फिरवली. “काय ल्हिवलंय?”

“लिहिलंय, माणूस बरा बोलतो.”

“बोलायचा खरा,” मावशी म्हणाल्या आणि पाटी पदरानं पुसून तात्यांच्या हातात परत दिली.